संस्थेसाठी नवं सॉफ्टवेअर घेताना: निवडीपासून रुळेपर्यंत

"आपल्याला आता चांगलं सॉफ्टवेअर घ्यायला हवं, जरा बघता का?" असं वरिष्ठांनी म्हटलं आणि काम तुमच्या गळ्यात पडलं, की पहिल्या दोन दिवसांत बहुतेक जण एकच करतात. इंटरनेटवर शोधतात, चार कंपन्यांना फोन लावतात आणि डेमो ठरवून टाकतात. तुम्ही अजून तो फोन लावला नसेल, तर थोडे दिवस थांबा. हिशेब असो, स्टॉक असो, पगार असो की ग्राहकांची नोंद, सॉफ्टवेअर फसतं त्यामागे बऱ्याचदा एकच कारण निघतं: आपल्या संस्थेत काम प्रत्यक्षात कसं चालतं, हे ते विकत घेणाऱ्यांनाच नीट माहीत नसतं. म्हणून या लेखात विकत घेण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

दुखणं एका पानावर लिहा

"आम्हाला ईआरपी (हिशेब, खरेदी, स्टॉक, पगार असं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) हवं" ही गरज झाली नाही, तो उपाय झाला. गरज अशी लिहा: "महिनाअखेरीचा हिशेब बंद व्हायला ११ दिवस लागतात, ते ४ वर आणायचे आहेत." किंवा, "एकच ऑर्डर तीन ठिकाणी टाइप करावी लागते, ती एकदाच टाकायची आहे." आज किती दिवस लागतात, किती चुका निघतात, किती बिलं परत येतात, हे आकडे आत्ताच मोजून त्या पानावर उतरवा. हे पान जपून ठेवा, शेवटी ते पुन्हा लागणार आहे. आकडे आज मोजले नाहीत, तर वर्षभराने सुधारणा झाली की नाही यावर नुसती मतंच ऐकू येतील.

हे लिहिताना कधी कधी लक्षात येतं, की सॉफ्टवेअरची गरजच नाही. दोन सह्यांच्या जागी एक सही केली की काम सुटतं. असं झालं तर आनंदाने तिथेच थांबा.

याच टप्प्यावर कामाचा एक धनी ठरवा. तो शक्यतो आयटीचा नसावा. ज्या विभागाचं काम बदलणार आहे, त्या विभागातला असावा. त्याला निर्णयाचा अधिकार हवा आणि रोजच्या कामातून खरोखरचा वेळही हवा. समिती सल्ला द्यायला चांगली असते, पण संध्याकाळी पाच वाजता "हे चालेल, हे नाही" असं सांगायला एकच माणूस लागतो.

शेजारी बसा

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा. प्रत्यक्ष एंट्री करणाऱ्या, बिल काढणाऱ्या, माल मोजणाऱ्या माणसाच्या शेजारी खुर्ची ओढून निदान अर्धा दिवस बसा. विभागप्रमुखाला विचारून काम भागत नाही. काम कसं व्हायला हवं हे तो सांगतो, ते कसं होतं हे त्याच्या हाताखालच्या माणसाला ठाऊक असतं.

बसल्यावर स्क्रीनपेक्षा टेबलाकडे जास्त बघा. ड्रॉवरमधली कच्ची वही, मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, एका व्यक्तीच्याच कॉम्प्युटरवर असलेली एक्सेलची फाइल, मोबाइलवरच्या मेसेजमध्ये घेतलेली मंजुरी, या सगळ्या जागी आजची पद्धत अपुरी पडते आहे. प्रत्येक वहीबद्दल विचारा: यात काय लिहिता, ते कशासाठी लागतं, आणि ही वही हरवली तर काय अडेल?

मग अपवादांकडे वळा. सरळ मार्गाचं काम कुठलंही सॉफ्टवेअर करतं. अर्धा माल परत आला तर? बिलाआधी आगाऊ रक्कम दिली तर? एका ऑर्डरचा माल दोन हप्त्यांत गेला तर? मंजुरी देणारा रजेवर असेल तर सही कोणाची? मागच्या महिन्यातली चूक या महिन्यात सापडली तर? या प्रश्नांची उत्तरं देताना माणसं हसतात, एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, "त्याचं काय आहे ना…" तिथून पुढचं शब्दन् शब्द टिपून घ्या.

हा वेळ वाचवणं किती महाग पडू शकतं, याचं उदाहरण जर्मनीतल्या लिडल या सुपरमार्केट साखळीचं आहे. तिने एसएपी या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आधारलेला मोठा प्रकल्प सुमारे सात वर्षं चालवून २०१८ मध्ये सोडून दिला. तोवर अंदाजे ५० कोटी युरो खर्च झाल्याचं सांगितलं गेलं. अडचणींपैकी एक ऐकायला साधी होती. लिडल साठ्याचं मूल्य खरेदी किमतीवर धरत असे, तर सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्री किमतीवर होती. पद्धत बदलायची की सॉफ्टवेअर, या प्रश्नावर सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं आणि काम वाढतच गेलं.

तुमच्याकडेही हा प्रश्न लहान रूपात शंभरदा येईल. म्हणून जमवलेल्या मुद्द्यांचे चार गठ्ठे करा: आहे तसं जमतं, सेटिंग बदलून जमेल, वेगळा कोड लिहावा लागेल, आपणच आपली पद्धत बदलू. सेटिंग आणि कोड यांतला फरक नवख्या माणसाने नीट समजून घ्यावा. सेटिंग सहसा पुढच्या आवृत्तीतही टिकते. कोड प्रत्येक आवृत्तीच्या वेळी पुन्हा तपासावा लागतो, आणि तो लिहिणारा माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला असतो. माझ्या मते कोड दोनच कारणांसाठी लिहून घ्यावा: कायद्याने बंधन घातलेली गोष्ट, किंवा ज्या वेगळेपणावर तुमचा व्यवसाय उभा आहे ती गोष्ट. "आम्ही पहिल्यापासून असंच करतो" हे तिसरं कारण होत नाही.

लांबलचक यादीऐवजी प्रसंग

गरजांची तीनशे ओळींची यादी करून कंपन्यांना पाठवण्याची पद्धत आहे. तिचं उत्तर ठरलेलं असतं: तीनशे ठिकाणी "हो". त्यापेक्षा आठ-दहा प्रसंग लिहा. उदाहरणार्थ: "ग्राहकाने ५० नग मागवले. ३० पाठवले. त्यातले ४ खराब म्हणून परत आले. दरम्यान दर बदलला. उरलेले २० नव्या दराने पाठवायचे, आणि परत आलेल्या मालाचं क्रेडिट जुन्या दराने द्यायचं." सुरुवातीपासून हिशेबात नोंद पडेपर्यंत सगळं एका प्रसंगात यायला हवं. शेजारी बसून टिपलेले अपवाद इथे कामाला येतात.

याखेरीज, ज्यांच्यावाचून चालणारच नाही अशा गोष्टींची एक छोटी यादी ठेवा, दहाच्या आत. त्यातली एकही नसेल तर ती कंपनी बाद. बाकी सगळं असलं तर बरं, या सदरात टाका.

डेमो तुमचा, त्यांचा नाही

कंपनीच्या स्वतःच्या डेमोत सगळं गोड दिसतं. त्यातला डेटा स्वच्छ असतो, दाखवणारा त्याच वाटेवरून शेकडो वेळा गेलेला असतो. तुम्ही तुमचे प्रसंग आणि थोडा खरा डेटा (लोकांची नावं व खातेक्रमांक बदलून) आठवडाभर आधी पाठवा, आणि तेच दाखवायला सांगा. सगळ्या कंपन्यांना तेच प्रसंग द्या, नाहीतर तुलना होणार नाही. तीनपेक्षा जास्त कंपन्या या टप्प्यापर्यंत आणू नका. चौथ्या डेमोला लोकांचं लक्ष संपलेलं असतं.

एखादा प्रसंग तुमच्या माणसाच्या हाताने करवून घ्या. माउस कंपनीच्या माणसाकडून काढून घेणं अवघड वाटतं, पण पाच मिनिटांत खरं काय ते कळतं.

"जमेल" हा शब्द आला की लगेच विचारा: आज जमतं, सेटिंगने जमतं की कोड लिहून? "पुढच्या आवृत्तीत येतंय" याचा अर्थ वहीत "नाही" असा लिहा. एक मुद्दाम चुकीची एंट्री करायला लावा आणि ती दुरुस्त करून दाखवायला सांगा. दुरुस्ती कोणी केली, कधी केली, आधी काय होतं, याची नोंद राहते का बघा. हिशेब तपासनिसाला पुढे हेच लागणार आहे. शेवटी सांगा, "आमचा सगळा डेटा बाहेर काढून दाखवा." ज्याला हे पाच मिनिटांत दाखवता येत नाही, त्याच्याकडून निघताना त्रास होणार हे गृहीत धरा.

डेमोनंतर त्यांच्या दोन जुन्या ग्राहकांशी बोला, कंपनीचा माणूस फोनवर नसताना. निदान एक ग्राहक तुमच्याएवढ्या आकाराचा आणि दोन वर्षं जुना असावा. सोडून गेलेला ग्राहक सापडला तर सोन्याहून पिवळं. "समाधानी आहात का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: शेवटची मोठी अडचण कोणती, आणि ती सुटायला किती दिवस लागले? नूतनीकरणाच्या वेळी किंमत किती वाढली? डेमोला आलेली माणसंच काम करायला आली होती का?

किंमत आणि करार

लायसन्स किंवा सबस्क्रिप्शनचा आकडा म्हणजे वर दिसणारा भाग. पाच वर्षांचा एकत्र हिशेब मांडा: बसवण्याचा खर्च, डेटा आणण्याचा खर्च, बाकी सॉफ्टवेअरशी जोडणी, प्रशिक्षण, वाढीव यूजर, जुनी यंत्रणा नुसती बघण्यापुरती चालू ठेवण्याचा खर्च. आणि तुमच्या स्वतःच्या माणसांचे तास, जे कोणीच धरत नाही.

करारात "९९.९ टक्के उपलब्धता" असं लिहिलेलं असतं. वर्षाचे तास ८,७६० धरले तर त्याचा अर्थ वर्षात पावणेनऊ तास बंद. ९९.५ टक्के म्हणजे जवळजवळ ४४ तास. आकडे शेजारी शेजारी सारखे दिसतात, पण फरक पाच पट आहे. ठरवून केलेली देखभाल या तासांत धरली आहे का, हेही विचारा.

बाकी कलमं वकील बघतीलच, पण चार गोष्टी तुम्ही स्वतः वाचा. डेटा तुमचाच आहे असं स्पष्ट लिहिलंय का? करार संपल्यावर तो कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल? दरवाढीला मर्यादा आहे का? आणि पैशांचे हप्ते तारखांशी बांधले आहेत की काम पूर्ण झाल्याच्या तुमच्या मान्यतेशी? चौथं कलम तारखांशी बांधलेलं असेल तर ते बदलून घेतल्याशिवाय सही करू नका. बॅकअप घेतो असं सगळेच म्हणतात. शेवटचा बॅकअप परत चढवून कधी पाहिला, हे विचारा.

डेटा: सगळ्यात आधी सुरू करा, कारण हेच सगळ्यात उशिरा संपतं

कराराची सही झाली त्या दिवशी, शक्य असेल तर त्याही आधी, डेटाची साफसफाई सुरू करा. आणि ती जुन्या सॉफ्टवेअरमध्येच करा. एकच पुरवठादार तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने तीनदा असतो. बंद झालेले ग्राहक चालू दिसतात. एकाच वस्तूचं एकक कुठे नग, कुठे डझन, कुठे पेटी. हे नव्या घरात नेऊन मग आवरू, असं म्हणणारा कधीच आवरत नाही.

सगळा इतिहास नेण्याचा मोह टाळा. बहुतेक ठिकाणी तीन गोष्टी पुरतात: मास्टर याद्या (ग्राहक, पुरवठादार, वस्तू यांच्या मूळ याद्या), अजून पूर्ण न झालेले व्यवहार आणि ओपनिंग बॅलन्स (सुरुवातीची शिल्लक). जुने व्यवहार जुन्या यंत्रणेत फक्त वाचण्यासाठी राहू द्या, कायद्याने जितकी वर्षं ठेवायला हवेत तितकी वर्षं.

मधल्या वाटेवर एक्सेल असतंच, आणि ते काही चुका गुपचूप करतं. ००४५ हा कोड तुम्ही नुसता उघडलात तरी ४५ होतो. आकड्यातले फक्त १५ अंक एक्सेल सांभाळतं, त्यामुळे १६ अंकी खातेक्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च, हे त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं. उपाय सोपा आहे: असे कॉलम आधीच टेक्स्ट म्हणून घ्यायचे आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहायची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर असेल तर त्याचं रूपांतर हे वेगळं काम म्हणून धरा. ते रांगेच्या शेवटी ढकलू नका.

आकडे गुपचूप गळतात तेव्हा काय होतं, हे इंग्लंडने कोविडच्या काळात पाहिलं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यातले १५,८४१ रुग्ण सरकारी दैनंदिन आकड्यांत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलींत भरला जात होता, आणि त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना कळवायला तितकाच उशीर झाला.

हे टाळायला भारी साधन लागत नाही, ताळा लागतो. डेटा काढताना एकूण ओळी मोजा, रकमांची बेरीज करा. चढवल्यावर नव्या यंत्रणेत तीच मोजणी, तीच बेरीज. एक रुपयाचाही फरक असेल तर "किरकोळ आहे" म्हणू नका. पाच लाख जादा आणि चार लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव कमी, असाही एक रुपयाचा फरक येतो. मग कोणतीही वीस खाती काढून शेवटच्या ओळीपर्यंत हाताने तपासा. ही सगळी रंगीत तालीम निदान दोनदा करा, घड्याळ लावून. खऱ्या दिवशी किती तास लागणार, हे त्यावरूनच कळतं.

माणसं

प्रत्येक विभागातून एक माणूस निवडा, जो आधी शिकेल आणि मग शेजाऱ्याला दाखवेल. तो सगळ्यात हुशार असायची गरज नाही. अडलं की बाकीचे आजही ज्याच्याकडे जातात, तोच निवडा. त्याच्या रोजच्या कामातला काही भाग दुसऱ्याकडे द्या, नाहीतर तो दोन्हीकडून भरडला जाईल.

सगळ्यांचं प्रशिक्षण शेवटच्या दोन आठवड्यांत ठेवा. तीन महिने आधी शिकवलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. शिकवताना तुमचाच डेटा, तुमचेच प्रसंग वापरा. आणि "माझी नोकरी राहील का?" हा प्रश्न कोणी उघड विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो. खरं काय ते आधीच सांगा. गोलमोल उत्तर मिळालं की लोक माहिती हातची राखून ठेवतात, आणि मग तुमचे अपवाद कधीच कागदावर येत नाहीत.

जुने जाणकार लोक लवकर मोकळे करू नका. कॅनडा सरकारने २०१६ मध्ये सुमारे २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी फिनिक्स नावाची यंत्रणा सुरू केली. त्याआधीच पगाराचं काम करणाऱ्या अनुभवी कर्मचाऱ्यांची पदं मोठ्या प्रमाणावर कमी केली होती. पैसे आणि वेळ वाचवण्यासाठी यंत्रणेतल्या काही सोयी गाळल्या आणि प्रायोगिक चाचणीही रद्द केली. हजारो लोकांना पगार कमी मिळाला, जास्त मिळाला किंवा मिळालाच नाही. तिथल्या महालेखापालांनी २०१८ च्या अहवालात या सगळ्याला अनाकलनीय अपयश म्हटलं.

सुरू करण्याचा दिवस

गर्दीच्या काळात कधीही सुरू करू नका. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने ११.२ कोटी डॉलरची नवी यंत्रणा १९९९ च्या एप्रिलमध्ये सुरू करायचं ठरवलं होतं. काम लांबलं आणि ती जुलैत सुरू झाली, म्हणजे ऑक्टोबरअखेरीच्या हॅलोविन सणाच्या मोठ्या ऑर्डरी यायच्या तोंडावर. माल गोदामात होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर गेल्या नाहीत. तारीख तीन महिने हुकली, तर ती आणखी तीन महिने पुढे ढकलायची तयारी हवी.

शक्य असेल तर एकाच विभागात किंवा एकाच शाखेत आधी सुरू करा. जुनी आणि नवी पद्धत बरोबर चालवायची का, यावर मतभेद आहेत. पगाराच्या बाबतीत मी आग्रहाने हो म्हणेन: दोन महिने दोन्हीकडे पगार काढा आणि प्रत्येकाची पावती जुळवा. बाकी ठिकाणी दुहेरी एंट्रीने लोक दमतात, आणि दमलेला माणूस दोन्हीकडे चुका करतो. तिथे ठरावीक काळापुरतं, ठरावीक व्यवहारांपुरतंच ठेवा.

"सुरू करायचं की थांबायचं" याच्या अटी महिनाभर आधी लिहून ठेवा: ताळा जमला, सगळे प्रसंग पार पडले, प्रत्येकाचं लॉगिन चाललं, प्रिंट नीट आली. थांबा म्हणायचा अधिकार कोणाचा, तेही लिहा. परत जुन्यावर जायची वेळ आली तर ते कोणत्या तासापर्यंत शक्य आहे? नव्या यंत्रणेत दोन दिवसांचे व्यवहार पडले की परतीची वाट जवळजवळ बंद होते.

पहिले तीन महिने

पहिले सहा आठवडे रोज सकाळी पंधरा मिनिटं भेटा. तक्रारींचे तीन भाग करा: यंत्रणेतली चूक, न समजलेली गोष्ट आणि नवी इच्छा. पहिल्या भागातल्या तक्रारी कंपनीला पाठवा. दुसऱ्यासाठी कोणाला तरी त्या माणसाच्या टेबलापाशी पाठवा. तिसऱ्या लिहून घ्या आणि दोन महिने हात लावू नका, कारण त्यांतल्या बऱ्याच सवय झाल्यावर आपोआप गळतात.

जुन्या यंत्रणेतली एंट्री ठरलेल्या तारखेला बंद करा, फक्त वाचायला ठेवा. ती उघडी राहिली तर काही जण तिथेच काम करत राहतील.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पुन्हा एकदा खुर्ची ओढून शेजारी बसा. ड्रॉवरमध्ये वही परत आली आहे का बघा. आली असेल तर रागावू नका. तीत काय लिहिलंय ते वाचा. कुठला तरी अपवाद तुमच्याकडून सुटला आहे आणि त्या माणसाने तो निमूटपणे सांभाळला आहे. प्रशिक्षणाच्या गडबडीत वाटलेले जादा अधिकार याच वेळी काढून घ्या, आणि कंपनीच्या माणसांची तात्पुरती लॉगिन बंद करा.

तिसरा महिना संपला की पहिलं पान बाहेर काढा. ११ दिवसांचे ४ झाले का, हे त्या कामाच्या धन्यासमोर आणि एंट्री करणाऱ्यांसमोर मोजा. ७ झाले असतील तर उरलेले ३ दिवस कुठे जातात, ते त्यांनाच विचारा.